भिंतीमागे माणसं मोजणारे रशीदभाई

जळगावच्या माझ्या वर्कशॉपमध्ये कुठलंही फिरतं यंत्र सुरू करण्याआधी रशीदभाई ओरडायचे, "बठ्ठा भिंतीमागे!" सगळे भिंतीमागे गेले की एकेकाकडे बोट करून मोजायचे. मी मालक, पण मलाही मोजायचे. मला राग यायचा. तरुणपणी धुळ्याला त्यांच्यासमोर ग्राइंडरचं चाक फुटलं होतं. शेजारचा कारागीर जागीच गेला, यांच्या डाव्या कानाची पाळी गेली. आता रशीदभाईही नाहीत.

मापाला त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही. एका कंपनीने जेट इंजिनात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे चाचणीचे नमुने आमच्याकडे दिले होते. पोलादी चाकावर पाती, भोवती ॲल्युमिनियमचं कडं. पात्याचं टोक आणि कडं यांत फट राहिली की दाबलेली हवा तिथून मागे निसटते.

"हवा चोर शे, शेठ," रशीदभाई म्हणायचे. "पण चोराच्या धाकाने दरवाजाच चिणला, तर आपण कुठून निघणार?"

पहिला नमुना फट जास्त म्हणून परत आला. कंपनीच्या साहेबाने चारचौघांत मला विचारलं, "नांगर बनवता का हो तुम्ही?" ते मी आजही विसरलेलो नाही. इरेला पेटलो. बाजारात कांद्याचा करावा तसा फटीचा भाव केला: तुम्ही सांगता त्याच्या निम्मी देतो! साहेबाने लगेच लिहून घेतलं.

नवे दोन नग मे महिन्यात तयार झाले. पत्र्याखाली भट्टी पेटलेली. दुपारी मापाची पट्टी फटीत नेमकी बसली. पण कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा रशीदभाईंनी पेन खाली ठेवलं.

"कडं आत्ता उन्हाने फुगेलं शे. त्यांच्या एसीत आखडेल. चाक तेवढं आखडत नाही. पहाटे मोजू."

"ट्रक उभा आहे! म्हातारे झालात, भित्रे झालात."

"भित्रा शे म्हणून तर जिता शे."

सही मी ठोकली. एक नग रवाना झाला.

रात्रभर त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. पहाटे आम्ही दोघांनी मागे राहिलेला नग मोजला. कालची तीच पट्टी आत जाईना. मी साहेबाला फोन लावत सुटलो. चाचणी दहाला होती आणि साहेब फोन उचलत नव्हता. शेजारी रशीदभाई ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होते. दहाला पाच कमी असताना साहेबाने फोन उचलला.

"थांबवा! पाती घासतील, फुटतील!"

"मापावर सही तुमचीच ना?"

"माझीच. चुकीची आहे."

रशीदभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, यंत्रापाशी माणसं किती?"

"सहा. का?"

"त्यांना बाहेर काढा. मग चाक हाताने फिरवा. मोटर नको."

आम्ही फोन कानाला लावून उभे. जरा वेळाने पलीकडून आवाज आला. दाताखाली खडा यावा तसा, गोल फिरत जाणारा. पाती कड्याला घासत होती.

काम गेलं. आभाराचा एक शब्दही नाही, उलट बेजबाबदार म्हणून पत्र आलं. ते पत्र मी रशीदभाईंसमोर आपटलं. "घ्या! तुमच्या भीतीने माझं काम खाल्लं!"

त्यांनी पट्टी पुसून डबीत ठेवली.

"काम गयं, शेठ. साही माणसं जिती शेतस ना?"