सिंहाची दुपार

कर्वेनगरातल्या ट्रॅव्हल ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. नाव मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही आयुष्यात एकदा आफ्रिकेचं जंगल पाहायचं होतं, तेही ऐषआरामात. समोर दोन लॉजचे फोटो होते. गवत मोडेल की काय, अशा बेतानं ते फोटोवरून बोट फिरवत होते.

"पहिला घ्या, काका," ऑफिसातली मुलगी म्हणाली. "जीप दिवसभर फिरते, सिंह नक्की दिसतो. दुसऱ्या लॉजवाल्यांना जंगल जपायचं फार वेड. जनावरांची झोप मोडते म्हणून दुपारी जीपच काढत नाहीत."

ते ताठ झाले. "अहो, चाळीस वर्षं मी एक ते चार दुकान बंद ठेवलं. तेव्हा कोणी दार वाजवलं की काय वाटतं, ते मला विचारा. दुसराच द्या."

मीही तोच घेतला.

तिथल्या शेवटच्या दुपारी मी व्हरांड्यात एकटाच बसलो होतो. सोनेरी गवत संथ डोलत होतं. सिंह काही दिसला नव्हता. तरी चहाचा कप बशीत ठेवताना मी आवाज होऊ दिला नाही.