चमचाभर गंगा

सरांच्या शोकसभेत मला त्यांनीच बांधलेली भैरवी गायची होती. माझ्या आधी जे गृहस्थ बोलायला उठले, ते आमच्या नाशकातल्या प्रत्येक शोकसभेत बोलतात. त्यांनी ठोकून दिलं, "जन्मभर देव नाही म्हणणाऱ्या या बंदिशकाराने शेवटी गंगाजल घेऊनच डोळे मिटले. ज्याने कृष्णाच्या इतक्या बंदिशी बांधल्या, तो नास्तिक असेलच कसा?" सगळ्यांच्या माना डोलल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सर नाशिकरोडला दोन खोल्यांत शिकवायचे. घरात देव्हारा नव्हता. मी तंबोऱ्याला उदबत्ती ओवाळली की म्हणायचे, "आधी तो नीट जुळव." देवावरून आमचं कायम वाजायचं. एकदा मी चिडून विचारलं, "मग कृष्णाला एवढं आळवता कशाला?"

"अगं, माझ्या बंदिशींत सासू-नणंदाही छळतात. म्हणून मला कुणी सासुरवाशीण म्हणतं का?" मग गंभीर होऊन म्हणाले, "गाताना मात्र कृष्ण खराच असला पाहिजे. तंबोरा खाली ठेवला की संपलं."

एक गोष्ट त्यांनी मला बजावून ठेवली होती. "मी गेल्यावर मला भक्त करू देऊ नकोस." माणूस वाईट असला तर लोक त्याला खुशाल नास्तिक राहू देतात. चांगला माणूस नास्तिक असलेला मात्र त्यांना बघवत नाही.

आणि हे गंगाजलाचं पिल्लू सोडलं कुणी? मीच. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी एकटी होते. सर दोन दिवस शुद्धीवर नव्हते. घरच्यांना बोलावून घ्या, असं नर्स म्हणाली आणि माझा धीर सुटला. पर्समध्ये आईने दिलेली रामकुंडावरच्या गोदावरीच्या पाण्याची बाटली होती; नाशकात तिलाच गंगा म्हणतात. त्यातलं चमचाभर मी त्यांच्या ओठांत सोडलं. ते आत गेलंही नाही, गालावरून ओघळलं. बाटली हातात धरून ओढणीने पुसत होते तेवढ्यात त्यांचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला. पुढचं काम गावाने केलं.

मी माइकपाशी गेले. "सरांनी गंगाजल घेतलं नाही. त्यांना शुद्ध नसताना ते मी घातलं. चूक माझी आहे. सर नास्तिक होते आणि नास्तिकच गेले."

ते गृहस्थ पुन्हा उठले. "पाहिलंत? शिष्येच्या हातून देवाने आपल्या भक्ताला पाणी पाजलंच." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एक बाई तर माझ्या पाया पडायला आल्या. मी पाय मागे घेतले.

त्या संतापातच भैरवी सुरू केली. सरांनी शिकवली होती तशी, कृष्ण खरा मानून गायले. संपली तेव्हा अर्धी सभा डोळे पुसत होती, आणि माझ्या मागेच कुणीतरी म्हणालं, "एवढी भक्ती! आणि म्हणे नास्तिक."

सरांची बाजू राखायची तर मी ती वाईट गायला हवी होती. तेवढं त्यांनी शिकवलं नव्हतं.