पांढरा डाग

डागकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. लाँड्रीच्या काउंटरवर कपडा पडला की ते डोळे बारीक करून डाग बघत, नखाने खरवडत, वास घेत आणि निकाल देत. हा चहाचा, हा गंजाचा, आणि हा तुम्ही सांगताय त्याचा मुळीच नाही. गिऱ्हाईक बिचारं ओशाळून जाई. अशा माणसाला स्वतःबद्दल नको तितकी खात्री असते, आणि काकांना तर ती जरा जास्तच होती.

घरी मात्र याच माणसाला एका सशाने मुठीत ठेवलं होतं. ससा मुलीचा. ती लग्न होऊन गेली त्या घरात दांडगा कुत्रा, म्हणून हा मागे राहिला. पहिले काही दिवस काका त्याला ब्याद म्हणत. मग कापूस म्हणू लागले, आणि पुढे पुढे तर दुकानातून आल्यावर काकूंच्या आधी कापूस जेवला का ही चौकशी व्हायची. त्याची वाटी रिकामी दिसली की यांचा जीव वरखाली. लगेच लसूणघास दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या शिगोशीग भरल्या जात. ससा गरगरीत झाला आणि कोपरा सोडेनासा झाला. काका कौतुकाने म्हणायचे, खाऊनपिऊन सुखी आहे लेकाचा.

त्या कोपऱ्यात पांढरंशुभ्र फडकंच अंथरायचं असा काकांचा दंडक होता, कारण रंगीत कापडात घाण लपते. फडकी धुवायच्या काकू. हल्ली सकाळी फडकं उचललं की त्यावर पांढरी भुकटी दिसायची, खडूसारखी. काकांनी ती बोटाने चोळली आणि निकाल दिला, की हा साबण. नीट खळबळलं नाही की साबण धाग्यात बसतो आणि ओल लागली की वर येतो. काकूंनी सांगून पाहिलं की मी स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळते.

"साबण राहतो तुझ्या हातून," काका म्हणाले. "मला नको शिकवू. जन्म गेला माझा यात."

काकूंचाही जन्म त्याच लाँड्रीत गेला होता. पुढे बरेच दिवस त्या चहाचा कप जरा जोरात आदळत राहिल्या.

मग एका सकाळी फडक्यावर लाल डाग दिसला.

डाग म्हटला की पुढे सरसावणारा हा माणूस त्या दिवशी मागे सरला. कापूस पाठीची कमान करून बसला होता. शेपूट वर करी, कुंथे, दात करकरवी, आणि खाली पडायचे दोनचार थेंब. मागचे पाय ओले, आतली कातडी लालभडक. काकांनी पोटाला हात लावला तसा तो आक्रसला. त्यांनी काकूंना हाक मारली ती अशी, की त्या हातातलं पीठ तसंच घेऊन धावल्या.

जनावरांच्या दवाखान्यात ते सशाला छातीशी धरून बसले. शेजारी एक कुत्रा नुसता धापा टाकत होता, तरी प्रत्येक वेळी काका दचकत. डॉक्टरीणबाईंनी आत घेतल्यावर काकांनी धापा टाकत सांगितलं, की रक्त पडतंय. बाईंनी शांतपणे विचारलं, काल काय खायला घातलं? काकूंनी सांगितलं, बीटचा तुकडा. बाईंनी लघवीचा थेंब तपासला आणि म्हणाल्या, रक्त नाही. सशांची लघवी कधीकधी खाण्यामुळे अशी लाल होते. काकांना इतकं हलकं वाटलं की ते हसलेसुद्धा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरली. सशाच्या पोटात खाली, अंड्याएवढा एक पांढरा गोळा दिसत होता.

"काका, हा चुना आहे. जास्तीचं कॅल्शियम ससे लघवीतून टाकतात. नुसत्या गोळ्या खाल्ल्या, पाणी कमी, हालचाल नाही, की त्याचा गाळ आत साठतो. याच्या लघवीत पांढरं काही दिसत होतं का?"

काकांच्या डोळ्यांपुढे ती सगळी फडकी आली, एकेक करून. जे बघून इथे पळत यायचं ते त्यांनी स्वतःच्या बोटाने चोळून पाहिलं होतं, आणि वर बायकोला बोल लावला होता.

"दिसत होतं," काकू हळूच म्हणाल्या. एवढंच. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि काकांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

गुंगी देऊन, नळी घालून मूत्राशय आतून धुऊन काढावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. गुंगीतून ससा उठेलच अशी हमी त्या देईनात. नाही धुतलं तर वाट बंद होईल आणि मग काहीच करता येणार नाही. काकांनी मान हलवली. जन्मभर लोकांचं धुतलं, आणि हे एक धुणं दुसऱ्याच्या हाती देऊन बाहेर बसायचं होतं.

बाहेर त्यांना बसवेना. कोपऱ्यात जुन्या पंच्यांची टोपली होती. काकांनी एक पंचा उचलला, काठाला काठ जुळवून घडी केली. मग दुसरा. टोपली संपली तेव्हा त्यांनी सगळ्या घड्या मोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलीला फोन करायचा धीर होत नव्हता. काय सांगणार, तुझा ससा मी लाडाने मारला? ते काकूंना म्हणाले, मला फार भीती वाटतेय गं. लग्नानंतर हे वाक्य काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी टोपलीतला एक पंचा आपल्याकडे ओढला आणि घडी घालू लागल्या.

ससा उठला, लडखडत का होईना, पण उठला. घरी नेताना बाईंनी बजावलं, की वाळलेलं गवत भरपूर, गोळ्या अगदी चिमूटभर, पाणी पसरट भांड्यात. हा गाळ पुन्हा साठू शकतो, म्हणून रोज लघवी बघायची. आणि अंथरायला गडद कापड घ्या काका, पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार?

घरात गडद कापड म्हणजे मुलीच्या लग्नात शिवलेला काकांचा काळा कोट. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी तो कपाटातून काढला, बटणं कापून टाकली आणि कोपऱ्यात पसरला. कापूस त्याच्या काळ्या अस्तरावर बसला.

सकाळी काका लवकर उठले, पण कोपऱ्यापर्यंत जाईनात. काकू पाठीशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठे ते वाकले. कोटावर मोठा ओला डाग होता. त्यांनी बोट फिरवलं, उजेडात धरलं. निकाल द्यायचा धीर होईना, म्हणून त्यांनी ते बोट काकूंपुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा डागकाका दुसऱ्याला डाग विचारत होते.

काकूंनी चष्मा लावला. बोट धरून खिडकीकडे नेलं, उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज साबण राहिलेला नाही."

काका तिथेच सशाशेजारी, कोटावर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.