मोहोळहून सोलापूरला, एका स्पॅनिश बोलपटासाठी

सोलापुरात स्पॅनिश भाषेतला एक चावट संगीत बोलपट लागला होता. एका साप्ताहिकाने त्याला अश्लील ठरवलं, दुसऱ्याने उच्च कला. आमच्या मोहोळच्या साप्ताहिकाचे संपादक अप्पा मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्वतः बघून या आणि खरं काय ते लिहा." पत्नी सुशीला म्हणाली, "मी बी येते की."

सोलापूरला जायचं तर सकाळची गाडी बरी, उन्हं तापायच्या आत पोचता येतं. स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात, पण थिएटर जवळच होतं, चालत निघालो. वाटेत खानावळीत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही खाल्लं. दुपारच्या खेळाला बायका वर गॅलरीत बसल्या, आम्ही पुरुष खाली.

पडद्यावर एक नवरा गात गात घरी आला. बायकोने एका माणसाला कपाटात कोंडलं, दुसऱ्याला पलंगाखाली ढकललं. नवरा त्यांना शोधायचं सोडून पुन्हा गाऊ लागला. भाषेचा एक शब्द कळेना. शेजारच्या गिरणी कामगाराने विचारलं, "ही त्याची बायकू हाय का भैन?"

"बायको असावी," मी म्हणालो. पुढच्या गाण्यात मलाही शंका आली. वर हशा पिकत होता, खाली सगळे गप्प. आपण हसावं की रागवावं, तेच ठरेना.

परतीच्या गाडीत सुशीलाला विचारलं, "तुला समजलं?"

"बोलणं न्हाय समजलं. पण दार वाजलं की त्या बाईची लई धांदल उडायची. हसून हसून पोट दुखलं माझं."

मी तसंच लिहून दिलं: मला उमगला नाही, बायका मात्र खळखळून हसल्या. अंक आला तेव्हा छापलं होतं, 'स्त्रियांनी लज्जेने माना खाली घातल्या.'

सुशीलाने ते वाचलं आणि थेट अप्पांचं घर गाठलं. मी मागोमाग.

"अप्पा, मान कुणी खाली घातली?"

"वहिनी, बायका हसल्या असं छापलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मी हसले. तेच छापा."

पुढच्या अंकात अगदी तळाशी एक ओळ आली: 'आमच्या परीक्षकांच्या पत्नी हसल्या होत्या.'

बोलपट चांगला की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही. नंतर कितीतरी दिवस दुपारी शेजारणी सुशीलाकडे ती गोष्ट ऐकायला यायच्या. दर वेळी कपाटात आणखी एक माणूस वाढलेला असायचा. मी बाहेरच्या खोलीत शाळेच्या वह्या बाजूला सारून ऐकत बसायचो.