दोन किल्ल्यांची अदलाबदल

किल्ल्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे 'कानस' म्हणायचे, कारण त्याचं बोलणंही तसंच खरखरीत होतं. लेक मात्र गणितात संशोधन करायची. विषय होमोटोपी टाइप थिअरी. हे नाव घेताना बापाची बोबडी वळायची.

रविवारी ती दुकानात येऊन बसे. एकदा तिनं दोन कोऱ्या किल्ल्या फळीवर ठेवल्या आणि त्यांची अदलाबदल केली.

"बाबा, जोडी तीच ना?"

"तीच की."

"आणि मी हातच लावला नसता तर?"

"तरी तीच."

"म्हणजे जोडी स्वतःशी दोन रीतींनी एकच. पण त्या दोन रीती एकच आहेत का?"

"जुळली म्हणजे जुळली. त्यात आणखी काय विचारायचं?"

"जिथं आणखी विचारायचं काही उरत नाही, त्याला आम्ही संच म्हणतो. तुमचं सगळं जगच संच आहे," ती हसली. "समजलं की सांगा मला."

ते सांगायचं राहूनच गेलं. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत पोर गेली.

वसतिगृहातल्या तिच्या खोलीची किल्ली परत करायची होती. चार वर्षं तिच्या बोटांत फिरलेली किल्ली परक्याला द्यायची, हे त्याला पटेना. डुप्लिकेट द्यायची आणि अस्सल ठेवून घ्यायची, असं त्यानं ठरवलं. चोरी म्हणा हवं तर. डुप्लिकेटच्या माथ्यावर तो नेहमी कानशीची बारीक रेघ ओढायचा, तीस वर्षांत कधी चुकला नव्हता. आज चोरी उघडी पडू नये म्हणून ओढली नाही. मग डोळे भरून आले, आणि सवयीनं त्यानं दोन्ही किल्ल्या ब्रशच्या चाकावर धरल्या. दोन्ही सारख्याच लख्ख झाल्या. लेकीची कुठली, ते त्यालाच ओळखू येईना. त्यानं वाससुद्धा घेऊन पाहिला.

वसतिगृहाच्या बाईंपुढे त्यानं सगळं कबूल केलं आणि दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एक आपल्या बाजूला, एक त्यांच्या बाजूला.

"एक ठेवा तुम्ही," बाई हळूच म्हणाल्या. "कुठलीही घ्या. दोन्हींनी दार उघडतंच."

त्यानं किल्ल्यांची अदलाबदल केली. पुन्हा केली. जोडी तीच होती. पण एका रीतीत लेकीची किल्ली त्याच्याकडे येत होती, दुसरीत कायमची जात होती.

"समजलं गं पोरी," तो पुटपुटला.

"काय समजलं?" बाईंनी विचारलं.

जिला सांगायचं होतं ती नव्हती. हाताला आली ती किल्ली उचलून तो निघाला.