एकतीस बायका आणि एक खोली

आम्ही नगरला निघालो त्या सकाळी माझ्या आईनं आमच्या गौरीला कोंबड्या दाखवायला घरामागं नेलं होतं. तसं आदल्या दिवशीच ठरलं होतं. दोन वर्षांची पोर, आईबाप बॅगा घेऊन निघालेले दिसले की आकांत करणार, म्हणून तिनं आम्हाला जाताना बघायचंच नाही. आमचं गाव भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला. तिथून फाट्यावर यायचं आणि एसटीची वाट बघायची. त्या दिवशी एसटीला उशीर झाला. कोंबड्या बघून संपल्या, आणि आई पोरीला कडेवर घेऊन नेमकी आम्ही गाडीत चढत असताना रस्त्यावर आली.

मी श्वास रोखून धरला. पण गौरी रडली नाही. धरण बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या आमच्या दारावरून जातात आणि गावातली सगळी पोरं त्यांना हात हलवून टाटा करतात. गौरीही तेच शिकली होती. गाडी हलली तशी तिनं हसत हसत आम्हाला टाटा केला, जसा कुणाही पाहुण्याला करायची.

राजूर येईपर्यंत मी रडत होते. शेवटी गौरीचे बाबा म्हणाले, "रडायचं तिनं, तर रडतीस तू."

मला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. लग्नाआधी मी संगमनेरला राहून आयटीआय केलं होतं आणि ते सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली पडून होतं. गौरीचे बाबा नगरच्या एमआयडीसीत आधीच कामाला होते, चौघांत एक खोली करून राहत होते. मीच म्हटलं, आपण दोघं राहू, मीही काम करीन. पेच एकच होता. दोघांच्या शिफ्टा, तर पोर कुणापाशी ठेवायची? आई म्हणाली, "राहू दे माझ्यापाशी. एवढ्याशा पोरीचं मला काय जड हुतंय?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच सांगितलं, "मशीन कुनाचं नसतं, बाई. जपून." त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गावातल्या भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात गेलेली. गिरणी तेच चालवायचे. त्या पट्ट्यावर झाकण असावं असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं, त्यांनाही नाही.

नगरला आले आणि पहिल्या महिन्यातच माझी भाषा बदलली. गावाकडं डोंगरावर ऊन कुठवर आलं त्यावरून वेळ कळायची, इथं भोंग्यावरून. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, ओटी म्हणजे जादा तास, रिलिव्हर म्हणजे बदलीचा माणूस, असे शब्द तोंडात बसले. एकदा फोनवर आईला म्हटलं, "या आठवड्यात माझी सेकंड आहे." आईनं कौतुकानं विचारलं, "आन् पयली कोन आली?"

आमचा कारखाना पंपाचे छोटे सुटे भाग करायचा. मला पॉवर प्रेसवर घेतलं. वरून जड ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचा तुकडा दाबून काढतो, असं ते मशीन. त्याला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, आत एकही नाही. आयटीआयच्या सरांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

पण माझ्या मशीनच्या डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. बटण कायमचं दाबलेलं. एका हातानं तुकडा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं, काम झपाझप. शेजारच्या मशीनवरही तेच. तीन दिवस मी तसंच काम केलं. डावा हात प्रत्येक वेळी आत जाताना दिसायचा आणि मला दादांचा हात आठवायचा. चौथ्या दिवशी मी पाचर काढून एप्रनच्या खिशात टाकली.

वाघमोडे म्हणून सुपरवायझर होते. माणूस वाईट नव्हता, पण तुकडे कमी निघाले की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. ते आले आणि म्हणाले, "पाचर कुठंय?"

"काढली साहेब. एक हात रिकामा राहिला की तो कुठं जाईल सांगता येत नाही."

"बाकीच्यांचे गेले का?"

"जाईपर्यंत थांबायचं का?"

ते पुढच्या मशीनकडं वळले. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला टाकलं. ही शिक्षा आहे हे सगळ्यांना कळलं. नोकरी जाते की काय म्हणून मी आठवडाभर धास्तावलेली होते. पण त्या शिक्षेनंच माझं भलं केलं, कारण पॅकिंगचं शेड गेटला लागून होतं आणि गेटजवळ सायकलस्टँडच्या मागं भिंतीवर एक जुनी फ्रेम टांगलेली होती.

मला वाटलं, देवाचा फोटो असेल. काच पुसली तर आत बारीक अक्षरात छापलेलं मराठी निघालं. कारखाने अधिनियमाचा गोषवारा. कायद्यात काय काय आहे ते कामगारांना समजेल अशा भाषेत दाराशी लावून ठेवायचं, असाही कायदाच आहे. आमच्याकडं तो पाळला होता. फक्त समोर सायकली लावल्या होत्या.

रोज डबा खाऊन झाला की मी दोन सायकलींच्या मध्ये उभी राहून थोडं थोडं वाचायची. भाषा मोठी जडशीळ. 'यंत्रसामग्रीला कुंपण' असं वाचलं तेव्हा आमच्या भाताच्या खाचराला घालतात तसं काट्याचं कुंपण डोळ्यांपुढं आलं. नंतर कळलं की ते जाळीचं, झाकणाचं, हात आत जाऊ नये म्हणून. मग पिण्याचं पाणी, हात धुवायची सोय, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय. पॅकिंगला माझ्याबरोबर शमीमभाभी होत्या, नगरच्याच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्या विचारायच्या, "आज कुठवर आलीस?" जणू मी पोथी लावली होती.

एका दुपारी मी पाळणाघरापाशी आले. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कारखान्यानं खोली द्यायची. हवेशीर, उजेडाची, स्वच्छ. बघायला शिकलेली बाई ठेवायची. मी ते दोनदा वाचलं. मग वहीत उतरवून घेतलं, कारण माझा विश्वास बसेना.

त्या आधीच्याच रविवारी मी गावी जाऊन आले होते. गौरी माझ्या आईला आई म्हणायला लागली होती आणि मला, घरातले सगळे म्हणतात म्हणून, शिंदू. "शिंदू आली," असं ओरडत ती घरात पळाली. सगळे हसले, मीही हसले. परतीच्या गाडीत मात्र माझं कशातच लक्ष लागलं नाही.

शमीमभाभींना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "आधी बायका मोज." आम्ही दोघींनी दोन शिफ्टा धरून मोजल्या. प्रेसवरच्या, पॅकिंगच्या, झाडलोटीच्या, ऑफिसातली एक. अठ्ठावीस झाल्या. पुन्हा मोजल्या. अठ्ठावीसच.

"तीन बायकांनी अडलंय व्हय?" भाभी म्हणाल्या. "मग आणू की तीन."

नशिबानं त्याच वेळी गेटवर 'महिला कामगार पाहिजेत' अशी पाटी लागली होती. भाभींनी आपली नणंद आणली. मी आमच्या घरमालकिणीच्या सुनेला तयार केलं. तिसरी काही मिळेना. गेटसमोर मूळच्या काष्टी गावच्या मंदाताई पाटीत पेरू घेऊन बसायच्या. भाभींनी त्यांनाच गाठलं. "उन्हात बसण्यापेक्षा आत पंख्याखाली बसा." मंदाताई आल्या खऱ्या, पण चौथ्या दिवशी म्हणाल्या, "जाते बाई मी. आत लई कोंडल्यावानी हुतंय. रस्त्यावर चार मानसं तरी दिसत्यात." आम्ही त्यांना खिडकीशेजारचं टेबल दिलं, जिथून रस्ता दिसायचा. तरी त्या रोज जाण्याची भाषा करायच्या आणि रोज आमचा जीव टांगणीला.

एकतीस नावं हजेरीत लागली आणि आम्ही दोघी वही घेऊन मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. वाघमोडे तिथंच उभे होते. मॅनेजर साहेबांनी वही वाचली आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?"

"आपल्याच भिंतीवर आहे साहेब."

"आपल्याकडं कुठं एवढ्या बायका?"

"एकतीस आहेत," भाभी म्हणाल्या. "मोजून घ्या."

त्यांनी क्लार्कला विचारलं. क्लार्क म्हणाला, "दोन्ही शिफ्ट मिळून पटावर एकतीस, पण एक आज आली नाही. सोडून जाणार म्हणत होती." मी भाभींकडं बघितलं, भाभींनी छताकडं. तेवढ्यात दारात मंदाताई धापा टाकत उभ्या. "साहेब, हजेरी कापू नका. गाडीच मिळाली न्हाई. आन् सोडून मी कुटं चाललीय? ह्या दोघी सोडत्यात व्हय मला?"

साहेब हसले आणि उठले. आम्हाला घेऊन गेटपर्यंत चालत गेले, सायकली बाजूला करायला लावल्या आणि उभ्या उभ्या फ्रेम वाचली. "मी रोज या दारातून आत येतो," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही तर प्रेसला होता ना? पॅकिंगला कशा?"

वाघमोडे बुटांकडं बघत राहिले. मी जे होतं ते सांगितलं. साहेब तसेच प्रेसच्या शेडमध्ये गेले आणि एकेका मशीनची पाचर स्वतःच्या हातानं उपटत गेले. सात निघाल्या. वाघमोड्यांना म्हणाले, "माल कमी निघाला तर माझ्याकडं या. कुणाचं बोट गेलं तर कुणाकडं जाणार?" दुसऱ्या दिवशी मी परत प्रेसवर होते. महिनाभरानं वाघमोडेच नव्या माणसांना ओरडून सांगायला लागले, "दोन्ही हात, दोन्ही हात."

खोली मात्र लगेच मिळाली नाही, हेही खरं. साहेबांनी दोनदा 'बघू' म्हटलं. आम्ही दर सोमवारी जाऊन उभ्या राहायचो, काही न बोलता. तपासणीला सरकारी साहेब येणार अशी कुणकुण लागली आणि रंगारी आला. स्टोअरमागच्या खोलीतले जुने कागद निघाले, खिडकीला जाळी बसली, सतरंजी आली, आणि मुलांना बघायला अंगणवाडीत काम केलेली एक बाई आली.

मी गौरीला आणायला गेले त्या दिवशी आईनं तिचे कपडे घडी करून ठेवले होते. पिशवीत नागलीचं पीठ जरा जास्तच भरलं. नगरला पहिले सात दिवस गौरीनं आजीसाठी रडून खोली डोक्यावर घेतली. चहाच्या सुट्टीत मी धावत जायची, ती माझ्या पदराला लोंबकळायची. आठव्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर न्यायला गेले तर खोलीतून निघेना. भाभींच्या नणंदेच्या मुलाशी तिचा रेल्वेचा खेळ अर्ध्यावर होता. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा, न सांगता, आई अशी हाक मारली. तीही "आई, तू जा" म्हणायला.

त्या दसऱ्याला आई-दादा आले. यंत्रपूजेला कारखान्यात घरच्यांना आत सोडतात. माझ्या प्रेसला झेंडूची माळ होती. दादांनी दोन बटणं बघितली, कशी चालतात विचारलं, बंद मशीनवर दोन्ही हात ठेवून बघितले. मग म्हणाले, "आमच्या गिरनीला असं कायतरी करता आलं असतं का गं?"

"आलं असतं दादा. पट्ट्यावर नुसती जाळी लागली असती."

"कुनी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. रागानं नाही. मग पेढा खाल्ला आणि गौरीला खांद्यावर घेऊन कारखाना बघायला निघाले.

याला बारा वर्षं झाली. गौरी नववीत आहे. जिल्ह्याचं नाव पाट्यांवर अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडात नगरच बसलंय. जुन्या कायद्याच्या जागी आता नवी संहिता आलीय आणि फ्रेमच्या जागी नवा बोर्ड लागलाय. सुरक्षा समितीवर मी आहे, म्हणून नवीन आलेल्या पोरींना मीच तो वाचून दाखवते आणि अडलेले शब्द आपल्या भाषेत सांगते. मंदाताई अजून खिडकीपाशीच बसतात आणि अजून दर आठवड्याला काम सोडतात.

गावाकडच्या पोरींनो, तुमच्यातल्या कितीतरी आता पुण्याला, नाशकाला, सुप्याला कामाला निघाल्यात. फोन करून विचारता, ताई, पहिल्या दिवशी काय करू? मी सांगते, आधी गेटवरचा बोर्ड शोध. समोर सायकली असतील तर सरकव. आणि मागं राहिलेल्यांनो, आम्ही तुम्हाला टाकून गेलो नाही. पोरं तुमच्या कडेवर देऊन गेलो, हा तर आमचा सगळ्यात मोठा भरवसा होता.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी अजूनही अडखळते. गेल्या दिवाळीत गावी चार दिवस राहिले. जेवणं झाल्यावर बोलता बोलता आईला म्हटलं, "उद्या सकाळी घरी जाते." बोलून गेले आणि जीभ चावली. आईनं माझ्याकडं बघितलं.

"आन् मग हे काय हाय?"

"हेही घरच की."

आई हसली. "दोन घरं हायेत म्हनतीस? मग भांडीबी दोन्हीकडची घासावी लागतील."

गौरी खळखळून हसली. मी पदर खोचला, राख घेतली आणि मोरीवर जाऊन बसले.