टेहळणीबाईंची नजरतपासणी

आमच्या शेजारणीला अख्खी इमारत टेहळणीबाई म्हणते. हे नाव कोणी ठेवलं ते मी सांगणार नाही, पण ठेवणारीला त्याचा अजून अभिमान आहे. बाई जिन्यात उभ्या राहतात आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या पायांकडे टक लावून बघतात. कोणाकडे गेल्या की चहा राहतो बाजूला, आधी दिवा कुठे लावलाय ते बघणार. एकदा मला म्हणाल्या, तुमच्या पांढऱ्या ओट्यावर पांढऱ्या बशा सापडतात कशा हो तुम्हाला? मी म्हटलं, सापडत नाहीत, फुटतात.

त्यांचं कामच तसं आहे. ज्या मुलांना फार कमी दिसतं, त्यांच्या शाळेत जाऊन त्या मुलांची उरलेली नजर कुठे आणि कशी कामाला येते ते शोधतात. डॉक्टर तक्ता वाचून घेतात आणि आकडा सांगतात. पण त्या पोराला डबा सापडतो का, पायरी कळते का, हे आकड्यात येत नाही. त्यासाठी बाई पोरांच्या मागे मागे हिंडतात. त्यांचे यजमान कुरकुरतात, हिला बघत बसायचा पगार मिळतो, मी बघत बसलो की बोलणी.

यंदा बाईंची गाठ तळमजल्यावरच्या शिंप्याशी पडली. त्याची लेक चौथीत आहे. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे, चष्म्याने न हटणारा. फळ्यावरचं तिला वाचता येत नाही, मधल्या सुट्टीत ती पोरांवर जाऊन आपटते. पण बापाच्या दुकानात जमिनीवर पडलेली सुई मात्र झटकन उचलते. हे कौतुक शिंप्याने स्वतःच शाळेत जाऊन सांगितलं आणि घोळ करून ठेवला. सुई दिसते आणि फळा दिसत नाही? मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, पोरगी ढोंग करत असेल तर खालच्या वर्गात बसवू, आणि खरंच दिसत नसेल तर परगावच्या अंध मुलांच्या वसतिगृहात पाठवा. हे ऐकून पोरीच्या आईने अंथरूणच धरलं. आधी तपासणी होऊ दे, एवढं मात्र मोठ्या बाईंनी कबूल केलं.

तपासणी शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत होती. मी तिथे कशी, असं विचारू नका. शिंप्याला धीर द्यायला कोणीतरी हवं होतं, आणि मला दुसरं कामही नव्हतं.

बाईंनी टेबलावर काळं कापड पसरून त्यावर पांढरी बटणं टाकली. मग पांढरं कापड, त्यावरही पांढरीच बटणं. पोरगी कापडावरून बोट फिरवायची, थांबायची आणि बरोबर बटण दाखवायची. एकही चुकलं नाही. मला वाटलं, जिंकलो. टेहळणीबाईंच्या कपाळाला मात्र आठी. मग माझ्याही ध्यानात आलं. बोट बटणाजवळ गेलं की मागे उभा असलेला शिंपी खोकायचा. लांब गेलं की एकदम चिडीचूप.

बाईंनी त्याला व्हरांड्यात नेलं. मलाही नेमकी तेव्हाच तहान लागली.

"दादा, हा खोकला आता बरा करा."

शिंपी जमिनीकडे बघत म्हणाला, "चुकली तर तिला पाठवून देतील हो ताई."

"आणि सगळं बरोबर आलं तर? मोठ्या बाई म्हणतील, हिला पांढऱ्यावरचं पांढरं दिसतं, फळाच बरा दिसत नाही. ढोंगी ठरेल ती. मला तिच्या चुका हव्यात, दादा. कुठे चुकते ते कळलं तरच मला काही करता येईल."

शिंप्याने गळ्यातली टेप काढून गुंडाळली. मग म्हणाला, मी दुकानात जाऊन बसतो, इथे थांबलो तर घसा माझं ऐकायचा नाही.

तो गेल्यावर खरं काय ते दिसलं. काळ्यावरची बटणं तिने सहज टिपली. पांढऱ्यावर नुसती चाचपडत राहिली. टेहळणीबाईंचा चेहरा असा खुलला की जणू पोरीने बक्षीस मिळवलं. मग त्या दुकानात गेल्या. काळसर फरशी, मशीनचा दिवा एका बाजूने, त्यात सुई लख्ख चमकणार, दिसणारच. तिथून त्या वर्गात आल्या आणि पोरीच्या जागेवर जाऊन बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन. बाक खिडकीला लागून होता. वर्गाच्या बाईंनी मायेनेच दिलेला, पोरीला भरपूर उजेड मिळावा म्हणून. तोच उजेड थेट तिच्या डोळ्यांत जायचा, आणि गुळगुळीत पांढऱ्या फळ्यावर तिच्या जागेवरून नुसती चकाकी. वर्गाच्या बाई ओशाळल्या. टेहळणीबाई म्हणाल्या, अहो, कोणाच्याही मनात आधी हेच येतं, मीही आधी असंच बसवत असे.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः वर्गात येऊन उभ्या राहिल्या. टेहळणीबाईंनी पोरीला पलीकडच्या ओळीत बसवलं, बाक जरा तिरका, खिडकीकडे पाठ येईल असा. पडदा अर्धा ओढला. फळ्यावर जाड काळ्या पेनाने लिहिलं. तिने मोठ्या ओळी बसल्या जागेवरून वाचल्या. बारीक ओळी आल्या तेव्हा थांबली.

"म्हणजे हिला दिसतं की नाही? एक काय ते सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कुठे बसवता त्यावर आहे, बाई. बारीक अक्षर तिला इथून कधीच दिसणार नाही, ते मी लपवणार नाही. त्यासाठी तिला उठून पुढे जाऊ द्या. आणि मैदानात ऊन डोळ्यांवर येतं म्हणून ती आपटते, तिथे टोपी."

पोरगी उठली, फळ्याला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि उरलेल्या ओळी वाचून काढल्या.

"रोज अशी उठून जाणार ही?"

"रोज. लागेल तितक्या वेळा."

मोठ्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"वर्ग राहू दे. बाक बदला," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शिंप्याच्या लेकीला त्याचं काही नव्हतं. ती अजून फळ्यासमोरच उभी होती, पहिल्यापासून पुन्हा वाचत. मागच्या बाकावरची कार्टी ओरडली, ए, बाजूला हो, आम्हाला काही दिसत नाहीये. तिने मान वळवून सांगितलं, "थांबा जरा. माझं झालं की तुमचं."